मुक्या रयतेची चित्रे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील आचरे हे बारा वाड्यांचे गाव, ज्याच्या एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी आणि पाठीशी जांभ्या दगडाचे सडे आहेत, ते आपल्या ग्रामदैवतास केवळ देव म्हणून हाक मारीत नाही. ‘इनामदार श्री देव रामेश्वर’ असा त्याचा उल्लेख त्याच्या महसुली हुद्द्यासह होतो, आणि हा हुद्दा निव्वळ शोभेचा आहे असे तेथील कोणीही मानीत नाही. गाव देवाचे, गावकरी त्याची रयत, आणि रयतेने इनामदाराच्या हुकमाबाहेर वागू नये, ही भावना तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. या इनामदाराच्या हुकमांपैकी सर्वांत विलक्षण हुकूम म्हणजे गावपळण. तीनचार वर्षांच्या, कधी त्याहूनही अधिक अंतराने, बहुधा मार्गशीर्षाच्या सुमारास, देवाचा कौल झाला म्हणजे नौबत झडते, तोफेचा बार होतो, आणि एवढे मोठे नांदते गाव तीन दिवस व तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जाऊन राहते. माळावर आणि खाडीच्या कडेने राहुट्या उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात, आणि पुन्हा देवाचा कौल मिळेपर्यंत घरांच्या कड्या कोणी उघडीत नाही. २०२४ च्या डिसेंबरातही आचरे असेच रिकामे झाले होते.

या प्रथेची कारणे अनेक सांगितली जातात. त्या तीन दिवसांत गावात देवाचा आणि त्याच्या गणांचा संचार असतो असे श्रद्धाळू सांगतात. साथीच्या रोगांपासून सुटका करून घेण्याची ही जुनी युक्ती असावी असे सुशिक्षित म्हणतात. आणि जमिनीला, पाण्याला, झाडांना विश्रांती देण्याचा हेतू अलीकडचे लोक तिच्यात पाहतात. या वादात शिरण्याचे मला प्रयोजन वाटत नाही. मला महत्त्वाची वाटते ती वेशीकडे निघालेल्या त्या मेळ्याची घडण. डोक्यावर तांदळाचे गाठोडे घेतलेल्या बाईच्या काखेत कोंबड्यांचा झाप असतो. पोराने छातीशी धरलेल्या पिशवीतून मांजराचे डोके बाहेर आलेले असते. दाव्याला धरलेली गाय मागे राहिलेल्या वासरासाठी हंबरत थांबते, तेव्हा तिच्या पाठीमागची सारी रांग थांबते. आणि ज्याच्या मानेवर कित्येक वर्षांत जू पडलेले नाही असा म्हातारा बैलदेखील हळूहळू चालवीत नेला जातो. कुत्रे मागे ठेवायचे नाही, पिंजऱ्यातला पोपटही मागे ठेवायचा नाही. देवाच्या आज्ञेत माणसांचा दाखला एका बंदात आणि जनावरांचा दुसऱ्या बंदात अशी वाटणी नाही; रयत म्हणून जी गणती होते ती सर्वांची एकत्रच होते.

दक्षिण कोकणातील प्राचीन व पारंपरिक कलेत पशुपक्ष्यांच्या ज्या आकृती पदोपदी भेटतात, त्यांचा अर्थ लावताना ही गणती ध्यानात ठेवली पाहिजे असे माझे मत आहे. कलेचे अभ्यासक बहुधा हत्ती म्हणजे ऐश्वर्य, नाग म्हणजे सुफलता, मासा म्हणजे समृद्धी अशी कोष्टके मांडतात. ही कोष्टके चुकीची नाहीत, परंतु अपुरी आहेत. कारण त्यांत प्राणी हा माणसाच्या एखाद्या कल्पनेचा चाकर ठरतो, आणि या मुलखातील कलावंताने त्याला चाकर म्हणून फारसे कधी रंगविलेले किंवा कोरलेले नाही. त्याने त्याला गावचा हिस्सेदार म्हणून पाहिले आहे.

या दृष्टीचा सर्वांत जुना पुरावा आचऱ्याच्याच मालवण तालुक्यात, उघड्या कातळावर पडलेला आहे. सतीश लळीत यांनी २००१ साली हिवाळे येथील आणि २०१२ साली कुडोपी येथील खोदचित्रे अभ्यासकांच्या नजरेस आणून दिली, आणि सिंधुदुर्गाचा इतिहास किल्ल्यांपासून सुरू होतो ही समजूत निदान जाणत्यांपुरती मावळली. कुडोपीच्या ज्या सड्यावर साठांहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत, त्यास आसपासचे लोक फार पूर्वीपासून बावल्यांचे टेंब म्हणतात. जमिनीशी समांतर अशा काळपट जांभ्यावर, बोटभर किंवा त्याहून थोड्या अधिक खोलीच्या रेषांनी मनुष्याकृती, मासे, चतुष्पाद आणि भौमितिक रचना खोदलेल्या असून त्यांतील एका भव्य स्त्रीआकृतीस अभ्यासक मातृदेवता मानतात. दुपारच्या उन्हात यांतले फारच थोडे दिसते. सूर्य कलला म्हणजे खोदलेल्या कडांवर सावली धरते आणि पायाखालचा दगड एकाएकी जीवांनी भरून जातो. मात्र त्या वेळी आपण एखाद्या माशाच्या पाठीवरच उभे असण्याचा संभव असतो, म्हणून पाऊल जपून टाकावे लागते.

उत्तरेस रत्नागिरी जिल्ह्यात हाच प्रकार अधिक विस्ताराने आढळतो. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत, जणू त्याच्या पोटात, लहानमोठ्या प्राण्यांच्या, पक्ष्यांच्या आणि जलचरांच्या सत्तरांहून अधिक आकृती सामावलेल्या आहेत. उक्षीलाही हत्ती आहे, आणि तेथील ग्रामस्थांनी त्याच्याभोवती गडगा घालून त्याचे रक्षण केले आहे. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध एक मनुष्याकृती उभी आहे, जी पाहताना मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील, दोन्ही हातांनी दोन वाघ थोपविणाऱ्या पुरुषाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या सड्यांवर गेंडाही आहे, जो आज कोकणात कोठेही नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव सडे तुडवीत हिंडले नसते, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारीत बसले नसते, तर यांतील बहुतेक चित्रे अद्यापि पांडवांनी एका रात्रीत काढलेल्या रेघोट्या म्हणूनच ओळखली गेली असती.

आता या आकृतींचा हेतू काय? शिकार साधावी म्हणून केलेली ही जादू, असे एक उत्तर पाश्चात्त्य गुहाचित्रांवरून आपल्याकडे आले आहे. १९४० साली फ्रान्समध्ये लास्को येथे सापडलेल्या गुहेतील बैल आणि घोडे अंधारात, भिंतीवर रंगविलेले आहेत. तेथे जाणारा मनुष्य दिवा घेऊन, वाकून, एखाद्या गुप्त स्थळी जावे तसा जातो. कोकणातील चित्रकाराने मात्र भिंत घेतली नाही, भूमी घेतली. अंधार घेतला नाही, उघडे आकाश घेतले. आणि प्राण्याचे माप लहान न करता बहुधा प्रत्यक्षाएवढे किंवा त्याहून थोर ठेवले. जेथे शेताची, नांगराची किंवा पिकाची एकही खूण कोरलेली नाही, तेथे प्राण्याचा कान, शेपूट आणि मत्स्याचे पर इतक्या निगुतीने कोरावेत, याला केवळ भूक हे कारण पुरत नाही. भुकेल्या मनुष्यास हत्तीच्या उदरात इतर सत्तर जीव वसविण्याची गरज भासत नाही. ती गरज ज्याला सृष्टीचा एकत्र संसार दिसतो त्यालाच भासते. म्हणून मला ही चित्रे शिकाऱ्याच्या मागणीपेक्षा सोयऱ्याच्या स्मरणासारखी वाटतात.

ऐतिहासिक काळात आल्यावर प्राण्यास आणखी एक कामगिरी मिळाली, ती साक्षीदाराची. शिलाहारांच्या अमदानीपासून कोकणात देवस्थानास किंवा ब्राह्मणास भूमी दिल्याचे जे शिलालेख रोवले गेले, त्यांच्या माथ्यावर हे दान चिरंतन असल्याची खूण म्हणून चंद्रसूर्य कोरीत. आणि काही शिळांवर खालच्या भागात स्त्री व गर्दभ यांचे ते उग्र शिल्प असे, जे दान मोडणाऱ्यास दिलेला शाप म्हणून ओळखले जाते व ज्यामुळे या शिळांना गद्धेगाळ हे नाव पडले. इतर ठिकाणी वासराला पाजणारी गाय कोरून त्याच दानाची मांगल्यमुद्रा उमटविलेली दिसते. ज्याला अक्षर येत नव्हते त्या कुळवाड्यासही ही लिपी वाचता येई. पुढे मराठ्यांच्या कारकीर्दीत, सनदांच्या शेवटी, हिंदूने मोडल्यास गाईची आण आणि मुसलमानाने मोडल्यास सुवराची आण घातलेली आढळते. म्हणजे दगडावरचे जनावर कागदावर आले, एवढाच फरक. इनामाचा मालक देव आणि त्याचा जामीन जनावर, अशी ही व्यवस्था होती.

देवळांच्या गाभाऱ्यांतही हाच विचार निराळ्या रूपाने वावरतो. सिंधुदुर्गात आणि गोमंतकात सातेरीची कित्येक देवळे अशी आहेत की जेथे देवी म्हणजे मनुष्याच्या हाताने घडविलेली मूर्ती नसून वारूळ आहे. वाळवीने रचलेली आणि नागाने घर केलेली ती माती वाढते, तिला मळवट भरतात, तिच्यावर मुखवटा चढवितात. परंतु मूळ शिल्पकार वाळवीच राहते. ज्या प्रदेशात कीटकाची रचना गाभाऱ्यात बसते, तेथे पशूला शोभेची वस्तू मानणारी कला जन्मास येणे कठीणच होते. रानातल्या वाघाशी गुराख्यांचे नाते असेच होते. कित्येक गावांत वाघबारशीस एखादा गडी वाघाचे सोंग घेई, बाकीचे त्याच्या मागे धावत, आणि वर्षभर गुरांना अभय मिळावे म्हणून त्याच वाघाची करुणा भाकीत. उत्तरेकडे डहाणू-जव्हारच्या वारल्यांनी लाकडावर आणि दगडावर कोरलेला वाघदेव याच भावनेचा सख्खा भाऊ आहे.

परंतु ज्यांच्या हातांत या सर्व परंपरेचे रंग, कातडे, सूर आणि शब्द एकवटले, ते लोक म्हणजे कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर. ही आदिवासी जमात सावंतवाडीकर भोसल्यांच्या आश्रयाने वाढली. देवळांतून चित्रकथा लावण्याचे, कळसूत्री बाहुल्या नाचविण्याचे, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करण्याचे तिचे हक्क आणि त्याबद्दलचा शिधा व मानपान ठरलेले असत. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासापर्यंत अभ्यासक तिचा माग नेतात. परंतु पैठणच्या नावाने ओळखली जाणारी जुनी चित्रे आज मुख्यत्वे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काचेआड विसावली आहेत, आणि पिंगुळीत मात्र तीच कला अजून गात आहे.

ठाकरांच्या चित्रांच्या जुडग्यास पोथी म्हणतात. एका आख्यानाची एक पोथी. हातकागदाची सुमारे फूट-सव्वा फुटाची पाने, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली, म्हणजे एक पान उलटले की कथा एक पाऊल पुढे जाते. मुख्य कथेकरी मांडी घालून बसतो, पुढ्यात आडव्या फळीला टेकवून चित्र उभे करतो, हातातील तंतुवाद्य छेडतो. साथीदारांपैकी एकाकडे टाळ आणि एकाकडे हुडूक असतो. प्रथम गणपती, मग मयूरासह सरस्वती, आणि त्यानंतर रामायण-महाभारतातील आख्यान, असा क्रम. प्रारंभीच्या दोन्ही चित्रांत देवांबरोबर त्यांची वाहनेही वंदनास पात्र ठरतात, ही गोष्ट नित्याच्या परिचयामुळे आपल्या लक्षात येत नाही इतकेच.

या चित्रांपैकी एखादे जवळून न्याहाळावे. भूमी आणि आकाश यांची रेषा नाही, छायाप्रकाश नाही, सपाट तांबडा, निळा, पिवळा रंग भरून काळ्या ठाम रेषेने आकृती बांधलेल्या आहेत. सर्व मुखे एका बाजूने दाखविलेली, आणि त्या मुखांत तो मोठा, टपोरा, टक लावून पाहणारा डोळा, जो या शैलीची खूणच होऊन बसला आहे. आता हा डोळा कोणाकोणाला दिला आहे ते पाहावे. रामाला तो आहे, रावणाला आहे, सीतेला आहे. आणि त्याच मापाचा, त्याच घडणीचा डोळा वानरांना आहे, रथाच्या घोड्याला आहे, पंख छाटले गेलेल्या जटायूलाही आहे. वानरांच्या मस्तकी मुकुट आहेत, त्यांच्या दंडांवर बाजूबंद आहेत. युद्धात ते राजांच्या बरोबरीने उभे राहतात आणि उंचीतही कमी पडत नाहीत. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला चित्रकार प्राण्याच्या डोळ्यात प्राण्याचे वेगळेपण शोधतो. ठाकर चित्रकाराने डोळ्याच्या बाबतीत दुजाभाव केलेलाच नाही. ही अकुशलता आहे असे जे म्हणतात त्यांनी याच चित्रांतील अलंकारांची बारीक कलाकुसर पाहावी, म्हणजे ज्याचा हात इतका सिद्ध आहे त्याने डोळा समजूनउमजूनच एकसारखा ठेवला, हे त्यांना मान्य करावे लागेल.

आख्यान सांगताना कथेकरी मारीचाच्या सुवर्णमृगापाशी येतो, तेव्हा याचा प्रत्यय कानांनाही येतो. हरिण मायावी आहे, राक्षस आहे, कपटी आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असते. तरीही बाण लागतो त्या वेळी टाळ थांबतो, सूर खाली येतो, आणि क्षणभर ज्याची हत्या झाली त्याच्याविषयी कणव दाटून येते. पुढे जटायूचे पान उघडते, तेव्हा तर रामाने पित्याचे करावे तसे त्या पक्ष्याचे अंत्यकर्म केले हा प्रसंग विस्ताराने येतो. या पानाचा उपदेश निराळा सांगावा लागत नाही.

चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात प्राण्याचा संबंध याहून निकटचा, देहाचा आहे. जनावराचे कातडे कमावून, तासून, पारदर्शक होईपर्यंत घासून, त्यावर आकृती कोरतात, रंगवितात; पडद्यामागे दिवा लावला की त्या कातड्यातून प्रकाश आरपार जातो आणि पडद्यावर राम, हनुमंत, शेष, ऐरावत उभे राहतात. ज्या जनावराचा देह माती होऊन गेला असता, तोच देवाचे शरीर होऊन दिव्यासमोर येतो. आणि ज्या वस्तूतून देव प्रकट होतो तिला ठाकर खेळणे समजत नाहीत.

आणि मग पांगुळ बैल. ठाकरांच्या कलांत याची गणना होते, पण येथे चित्र कागदावर नसून हाडामांसाचे आहे. झूल, शिंगांना गोंडे आणि गळ्यात घुंगुरमाळ असा शृंगारलेला बैल घेऊन ठाकर दारोदारी येई, गाणे म्हणे, बैल मान हालवून होकार देई, आणि घरातील गृहिणी सुपातून धान्य घालताना आधी बैलाच्या पायांवर पाणी ओती व मगच मनुष्यास शिधा वाढी. भिक्षा कोणाच्या नावाने मागितली आणि कोणाला प्रथम दिली, हे पाहिले म्हणजे या दोघांत धनी कोण याचा उलगडा होतो.

हीच परंपरा टिकविण्यासाठी ज्यांनी हयात वेचली त्या परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली पिंगुळीत आपल्या गुरांच्या गोठ्यातच ठाकर आदिवासी कला आंगणाचे संग्रहालय उभे केले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. गोठ्याच्या जागी चित्रशाळा व्हावी, यात मला काही विसंगत दिसत नाही. ज्यांचे ते घर होते त्यांचीच चित्रे तेथे भिंतीवर आहेत.

सावंतवाडीच्या गंजिफांचा, म्हणजे खेळण्याच्या पत्त्यांचा, उल्लेख येथे ओघानेच करावा लागतो. चितारी कारागिरांनी रंगविलेल्या दशावतारी गंजिफेत दहा रंगांची एकशेवीस गोल पाने असतात, आणि मत्स्य, कूर्म यांसारखे अवतार तेथे दरबारी हिशेबाने, राजा आणि वजीर अशा हुद्द्यांनिशी बसतात. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी या लोपत चाललेल्या कारागिरीस पुन्हा उभे केले नसते तर ती पानेही आज केवळ संग्रहालयात उरली असती. तसेच दशावतारी नाटकांचे. रात्री उशिरा जत्रेच्या मांडवात काळ्या वेषातील संकासुर वेद पळवून नेतो आणि विष्णू मत्स्यरूपाने ते परत आणतो. ज्या किनाऱ्यावर पहाटे मासळीच्या टोपल्या उतरतात, त्याच किनाऱ्यावर आदल्या रात्री माशाने वेद राखल्याची कथा लोक हात जोडून पाहतात. खाणारा आणि पूजणारा एकच, यात कोकणी माणसास कधी अडचण भासली नाही, कारण खाण्यातही ऋण आहे हे तो जाणून होता.

आज या परंपरेपुढे जी संकटे आहेत ती अज्ञानाची कमी आणि घाईची जास्त आहेत. २०२२ साली कोकणातील खोदचित्रांच्या नऊ स्थळांचा, त्यांत कुडोपीचा, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. परंतु सडा हा महसुली दप्तरात पडीक म्हणूनच नोंदलेला असतो. चिरेखाणीस परवाना देताना त्या दगडावर काय कोरले आहे हे पाहण्याची तरतूद नसेल, तर हजारो वर्षे उन्हापावसात तगलेली आकृती एका दिवसात कापून कोणाच्या तरी कुंपणात बसू शकते. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी आणि तलाठ्यांनी आपापल्या हद्दीतील खोदचित्रे मोजून गावदप्तरात नोंदवावीत, आणि ती नोंद झाल्याखेरीज सड्यावर खाण किंवा रस्ता यांस मंजुरी देऊ नये, ही मागणी आता प्रत्येक कोकणवासीयाने केली पाहिजे. ठाकरांच्या चित्रांचेही असेच आहे. त्यांना आज गिऱ्हाईक मिळते, प्रदर्शनात मान मिळतो. परंतु कथेवाचून विकलेले सुटे चित्र भिंतीची शोभा होते, आणि आख्यान पाठ असलेला माणूस देवळाच्या सभामंडपात बोलावणे येईल म्हणून वाट पाहत राहतो. देवस्थानांच्या विश्वस्तांनी नवरात्रात आणि जत्रेत निदान एक रात्र पूर्वीप्रमाणे त्यांच्या नावे राखून ठेवावी.

वाचकांपैकी जे कुडोपीस जातील त्यांनी पायताण सड्याच्या कडेला काढावे, रेषांत खडू किंवा रंग भरू नये, आणि पाणी ओतून चित्रे उठावदार करण्याचा मोह टाळावा. जे पिंगुळीस जातील त्यांनी चित्र विकत घेण्याआधी एक तरी आख्यान शेवटपर्यंत बसून ऐकावे.